मेघकोटच्या वेशीआड

१

सिनेमातली शांतता तयार करावी लागते, असं सांगितलं की लोक हसतात. पण माझं काम तेच आहे. दोन वाक्यांच्या मधे जी जागा पडते तिथे खरोखर काहीच ठेवलं नाही, तर थिएटरातल्या माणसाला वाटतं, स्पीकर गेला. म्हणून त्या ठिकाणची हवा शोधून तिथे भरायची. माळाची हवा वेगळी, खोलीची वेगळी, विहिरीच्या काठाची वेगळी. ती सापडते शूटिंगच्या कडेकडेला. 'ॲक्शन' म्हणायच्या आधी आणि 'कट' म्हटल्यानंतर सगळे क्षणभर गप्प उभे असतात, तेव्हा.

साताऱ्यात करंज्याला आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर माझी खोली आहे. भिंतींना फोम, खिडकीला आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, फौजेतल्या ब्लँकेटांचे दोन थर. सकाळचा चहा झाला की मी वर जाते, दार लावते, हेडफोन चढवते आणि जेवायची हाक येईपर्यंत लोकांच्या गप्प राहण्याचे तुकडे गोळा करते.

यंदा हातात होता 'मेघकोट'चा दुसरा भाग. तीन भागांची कथा. पाऊस विसरलेलं एक राज्य, आणि ढग कोंडून ठेवणारं तटबंदीचं एक शहर, मेघकोट. पहिल्या भागाच्या शेवटी राजपुत्र फौज घेऊन त्या शहराच्या वेशीसमोर येऊन थांबतो. दुसरा भाग म्हणजे वेढा. सगळाच्या सगळा वेढा. वेस उघडते ती तिसऱ्या भागात.

"मधल्या भागाला सुरुवात नाही आणि शेवट नाही," दिग्दर्शक धैर्यशील म्हणायचा. "नुसती वाट बघणं आहे. ते लोकांना खुर्चीत बसून सोसवलं पाहिजे, आणि ते तुझ्या हातात आहे, शिवांजली."

धैर्यशील साताऱ्याचाच. शाळेत माझ्या पुढच्या वर्गात होता. मुंबईत बरीच वर्षं काढून परत आला आणि त्याने माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढे एका उघड्या माळावर ती वेस उभी केली. तीन-चार मजले उंच, दोन्ही बाजूंना बुरूज, मधे प्रचंड दारं. लोखंडी पाइपांच्या सांगाड्यावर प्लायवूड, प्लायवूडवर फायबर, त्यावर रंग. दोन्ही दारं एकाच साच्यात ओतलेली होती. मधली फट फक्त रंगवलेली. उघडायची नव्हतीच, तर फट कशाला हवी?

शूटिंगचा आवाज पुण्याच्या एका रेकॉर्डिस्टने घेतला होता. भाल्यांचे आणि ओंडक्यांचे तडाखे नीट मिळावेत म्हणून त्याने दारांच्या नक्षीत दोन छोटे माइक लपवले होते. त्यांचं रेकॉर्डिंग कुणी ऐकलं नव्हतं, ते जादाचं म्हणून माझ्याकडे आलं.

त्या सकाळी मी ते पहिल्यांदा लावलं. फौज ओरडत होती, "वेस खोल! वेस खोल!" मग धैर्यशीलचं 'कट'. मग आरोळ्या विरल्या, वारा उरला.

आणि वाऱ्याखाली कुणीतरी झाडत होतं.

खराट्याने, फरशीवर. मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. खराटा. मग भांडं खाली ठेवल्याचा आवाज. मग एक बाई कुणाला तरी रागावली. शब्द लागले नाहीत, पण रागावण्याची चाल ओळखू आली.

२

"वेशीच्या मागे जेवणाचा तंबू होता का?" मी धैर्यशीलला फोनवर विचारलं.

"मागे? मागे पाइप आणि वाळूच्या गोण्या होत्या. जेवण पार खाली, रस्त्याला. का गं?"

"भांड्यांचे आवाज येतायत."

"मग काढून टाक की."

काढायला हरकत नव्हती. पण एक गोष्ट खटकत राहिली. उघड्या माळावर आवाज जातो तो परत येत नाही. हा परत येत होता. दोन्ही बाजूंना भिंती असलेल्या अरुंद बोळात खराटा मारला की जसा घुमतो, तसा. फौजेच्या बाजूला आणखी एक माइक होता. त्याच्यावरही हे आवाज होते, पण अगदी पुसट, आणि दारातल्या माइकांपेक्षा किंचित उशिरा पोचलेले. म्हणजे ते फौजेकडून दाराकडे येत नव्हते. दाराकडून फौजेकडे येत होते.

मी कारणं शोधली. कुणाचा तरी मोबाइल जवळ असेल. पाइपांत वारा शिरून काहीबाही वाजत असेल. कानाला रिकामं बसवत नाही. पंख्याच्या घरघरीतसुद्धा त्याला बोलणी ऐकू येतात. हे मी दुसऱ्यांना कितीदा तरी समजावून सांगितलं आहे. तसंच स्वतःला सांगितलं, आणि तो तुकडा धैर्यशीलला पाठवला.

तो दुपारीच घरी आला. जिने चढून धापा टाकत खुर्चीत बसला, हेडफोन घातले आणि डोळे मिटले. तुकडा संपेपर्यंत उघडले नाहीत.

"हे काय केलंस तू?" शेवटी म्हणाला. "आत शहर आहे असं वाटतंय!"

"मी काही केलं नाही. हे रेकॉर्डिंगमध्येच आहे."

"बरं बरं. नसशील सांगत तर नको सांगू." तो हसला. "पण मला हे सगळीकडे पाहिजे. सैनिक दाराला कान लावतो तिथे, रात्रीच्या पहाऱ्यात, राजपुत्र एकटा उभा असतो तिथे. अजून काढ."

मी काढत गेले. खरं म्हणजे मलाही त्याची गोडी लागली होती. वेशीआड एक जातं होतं. शेळीच्या गळ्यातली घंटा होती. विहिरीचा रहाट कुरकुरायचा आणि पोहरा पाण्यात पडल्याचा डुबुक आवाज यायचा. पोरं एका सुरात काहीतरी पाठ म्हणायची. एक म्हातारा खोकायचा, आणि खोकला थांबला की कुणीतरी त्याला चेष्टेने काही म्हणायचं, बाकीचे हसायचे. एक कुत्रं होतं. फौजेने "वेस खोल" म्हटलं की ते आतून भुंकायचं.

त्या कुत्र्याला मी मनातल्या मनात नावसुद्धा ठेवलं होतं.

३

सिनेमा क्रमाने शूट होत नाही. शेवटचा हल्ला आधी घेतात, पहिला पहारा नंतर. त्यामुळे कथेच्या क्रमाने लावलं की माझे आवाज उड्या मारायचे. एका प्रसंगात आत बाजार भरल्यासारखी गजबज, पुढच्याच प्रसंगात सगळं चिडीचूप. तो सांधा जुळवायचा म्हणून एके दिवशी मी सगळं रेकॉर्डिंग शूटिंगच्या तारखांप्रमाणे लावलं आणि सकाळपासून सलग ऐकत बसले.

सुरुवातीच्या दिवसांत गजबज होती. फौज पहिल्यांदा ओरडली त्या दिवशी आत पावलांची पळापळ झाली, दारं धडाधड लागली, पोरं रडली. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग त्यांना सवय झाल्यासारखी वाटली. 'कट' झालं की आत कामं पुन्हा सुरू व्हायची.

मग जातं थांबलं.

मी पुढे गेले. रहाट कुरकुरत होता, पण पोहऱ्याचा डुबुक आवाज नव्हता. पोहरा दगडावर आपटत होता. काही दिवसांनी रहाटही गप्प झाला. शेळीची घंटा एका दिवशी होती आणि नंतर कधीच नव्हती. पोरांचं पाठ म्हणणं गेलं. कुत्रं बारीक आवाजात एकदाच भुंकलं, मग फौजेने कितीही आरोळ्या दिल्या तरी भुंकलं नाही. म्हाताऱ्याचा खोकला मात्र बरेच दिवस चालला. तो थांबला तेव्हा त्याच्यामागे कुणी हसलं नाही.

शेवटच्या दिवसांत एकच माणूस चालत होतं. पाय ओढत. थांबत. पुन्हा चालत.

दारावर थाप पडली तशी मी केवढी तरी दचकले. आप्पा होते. जेवायला हाका मारून थकून वर आले होते.

"काय गं, पांढरी पडलीयास!"

मी हेडफोन काढून त्यांच्या कानाला लावले आणि मधल्या दिवसांतलं काही लावलं, मग त्यानंतरचं, मग शेवटचं.

आप्पा म्हणजे सुभेदार लालासाहेब. निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली. एका हिवाळ्यात त्यांची तुकडी बर्फातल्या चौकीवर अडकून पडली होती. वर रसद येत नव्हती आणि खाली उतरता येत नव्हतं. एवढंच आम्हाला ठाऊक होतं. त्यापुढचं ते कधी सांगत नसत.

त्यांनी उभ्यानेच सगळं ऐकलं. "कुठल्या चौकीचं हाय हे?"

"सिनेमातलं आहे, आप्पा."

"हे सिनेमातलं न्हाई." त्यांनी हेडफोन हळूच टेबलावर ठेवले. "माणसं बोलायची कमी होत गेल्यात बघ. तोंड वाळलं की बोलवत न्हाई. पयल्यांदा गाणी बंद होत्यात. मग चेष्टामस्करी. मग भांडणं. भांडणं बंद झाली की आमचं साहेब घाबरायचं." ते थोडा वेळ खिडकीच्या ब्लँकेटाकडे बघत राहिले. "ह्यांच्या भाईर कोण हाय?"

"आम्ही," मी म्हणाले. विचार करायच्या आधीच तोंडातून गेलं.

आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत.

४

पुढच्या आठवड्यात त्याच माळावर उरलेलं थोडं शूटिंग होतं. मोठा हल्ला पुन्हा घ्यायचा होता, सगळ्या फौजेसकट. त्याच्या आधी मी एकटीच तिकडे जाऊन आले. कंपनीने लावून दिलेली गाडी होती, चालक ज्ञानू. बोलका माणूस. कोरेगाव, पुसेगाव करत आम्ही निघालो तेव्हा तो पुढच्या भागात वेस कशी उघडणार, राजपुत्र जगणार का, असं विचारत होता. मी 'हो, नाही' करत बसले होते. पुसेगावच्या पुढे ऊस संपला, रस्त्याकडेची झाडं बुटकी झाली. मग नुसता माळ आणि लांब टेकड्यांवर पवनचक्क्या.

वेशीच्या सावलीत एक बाई दगडावर बसून वाकळ शिवत होती. हरणाबाई. ती जमीन त्यांची. नवरा मेंढरं घेऊन खाली गेलेला, आणि सेटची राखण हिच्याकडे.

"या की ताई, सावलीला या. लय ऊन हाय."

मी शेजारी बसले. रात्री-अपरात्री इथे काही आवाज येतात का, म्हणून विचारलं.

"वारं लय असतंय. पाइपं वाजत्यात, शिट्टी मारल्यागत. दुसरं काय न्हाई." तिने दोरा दाताने तोडला. "मी बी हुते की फौजंत! हातात भाला, आंगात ते चिलखत. वेस खोल, वेस खोल! घसा बसला माजा, पर लय मज्जा आली."

मला इतकं हलकं वाटलं की मी तिच्याबरोबर हसले.

मग मागच्या बाजूला गेले. पाइप, गंजलेले नटबोल्ट, फाटलेल्या वाळूच्या गोण्या, रंगाचे वाळके डबे. प्लायवूडवर सुतारांनी पेन्सिलीने मारलेल्या खुणा. पाठीमागे माळ सरळ पवनचक्क्यांपर्यंत. इथे बोळ नव्हता, फरशी नव्हती, विहीर नव्हती. खराटा मारायला जागाच नव्हती.

पुढे येऊन मी दाराला चिकटवायचा छोटा माइक लावला आणि हेडफोन घातले. वारा. पाइपांची बारीक शिट्टी. हरणाबाई म्हणाली तेच. मी डोळे मिटून नुसती ऐकत राहिले. घरी जाऊन आप्पांना सांगायचं वाक्यही जुळवलं.

शिट्टी मधेच थांबली, वारा पडला असावा. आणि मला श्वास ऐकू आला.

लांबून नव्हे. माझ्या माइकच्या अगदी समोर, लाकडाला कान लावून कुणी उभं राहिलं की जेवढ्यावर येईल, तेवढ्यावर. कोरडा, घशात अडकत येणारा. मी माझा श्वास रोखला.

तिकडचाही थांबला.

किती वेळ आम्ही तशा उभ्या होतो कोण जाणे. मला आधी सोडावा लागला. मग तिकडून एक सुस्कारा आला आणि पाय ओढत कुणीतरी मागे गेलं. फरशीवरून. मी धावत बुरुजाला वळसा घालून मागे गेले. प्लायवूड, पेन्सिलीची खूण, ऊन.

"काय झालं वं?" हरणाबाई उठून आली होती.

मी तिला हेडफोन दिले. तिने ते पदरावरून कसेबसे कानाला धरले. मग तिच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं.

"बाईमाणूस हाय," ती पुटपुटली. "कन्हतीया." तिने दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हंजी आमी वरडत हुतो, ते हिच्यावर?"

मी तिच्या हातातून हेडफोन परत घेतले.

"आमी हसत हुतो की वं ताई," हरणाबाई म्हणाली.

५

धैर्यशीलला मी फोनवर सांगितलं, समोर बसून सांगितलं, तारखांप्रमाणे लावलेलं सगळं ऐकवलं. त्याने ऐकलंही. शेवटी म्हणाला, "तू गेल्या दोन महिन्यांत खोलीच्या बाहेर किती पडलीस?" चिडून नाही, काळजीने. म्हणून पुढे बोलणंच खुंटलं.

शूटिंगच्या दिवशी माळ पुन्हा भरला. चिलखतं, भाले, घोडे, धुराची यंत्रं. दारात दोन माइक पुन्हा बसवले होते आणि त्यांची तार माझ्या टेबलापर्यंत आणली होती. दुपारनंतर दोन वेळा हल्ला घेतला. दोन्ही वेळा आभाळ आलं आणि धैर्यशीलला हवा तो उजेड मिळाला नाही. कॅमेरे हलवायला घेतले तेव्हा मी त्याच्याकडे गेले.

"मला थोडा वेळ शांतता दे. सगळी माणसं उताराखाली पाठव. भाले दिसता कामा नयेत."

"कशाला?"

"माळाची हवा रेकॉर्ड करायची आहे."

ते माझं कामच होतं. त्याने मान हलवली. "कॅमेरे लागेपर्यंत. त्यात काय ते उरक."

फौज चहा प्यायला उताराखाली गेली. धुरळा बसला. हरणाबाईही चिलखत घालून आली होती. तिने ते उतरवून ठेवलं आणि पाण्याचा जार स्टँडसकट ओढत वेशीच्या पायथ्याशी आणला. मी टेबलापाशी हेडफोन घालून बसले. तिच्या हातात गर्दीला सूचना द्यायचा भोंगा दिला होता. काय बोलायचं ते आमचं ठरलं नव्हतं.

तिने तो तोंडाशी धरला, मग खाली घेतला, मग पुन्हा धरला.

"बाई," ती म्हणाली. "आगं बाई, ऐकतीस का? गेली समदी. कोन न्हाई आता भाईर. मी हाय नुसती. पानी ठिवलंय बघ तुला. ये भाईर. काय करत न्हाई कोन."

माळभर तिचा आवाज गेला आणि परत आला नाही.

हेडफोनमध्ये आधी काहीच नव्हतं. मग पाय ओढत कुणीतरी आलं. दारापाशी थांबलं. मग लाकडावर लाकूड घासलं, जड, अडत अडत, जसा पुष्कळ दिवस न काढलेला अडसर एकट्या माणसाने काढावा. मी समोर बघत होते. दार जागचं हललं नाही. रंगवलेली फट रंगवलेलीच होती. पण माझ्या कानात बिजागऱ्या करकरल्या, आणि पावलं फरशीवरून मातीवर उतरली.

हरणाबाई दोन पावलं मागे सरली. तिला काही ऐकू येत नव्हतं. ती जारकडे बघत होती.

जारमध्ये एक बुडबुडा वर गेला.

मग दुसरा. मग बुडबुड्यांची रांगच लागली आणि पाणी भराभर खाली उतरू लागलं. तोटीखालची माती कोरडीच होती. माझ्या कानात कुणीतरी पीत होतं. घटाघटा, मधे श्वास घ्यायला थांबून, ठसका लागून, पुन्हा पीत. मी रडत होते हे मला नंतर कळलं.

तेवढ्यात ढग फाकले आणि वेशीवर तिरपं, पिवळं ऊन पडलं. उताराखालून धैर्यशीलचा आवाज आला, "लाइट आलाय! चला, चला, सगळे आहात तसे या! कॅमेरा चालू!"

मी ओरडले. हरणाबाई भोंगा टाकून हात हलवत उताराकडे पळाली. पण फौज चढून आली होती. भाले उंच करून, धावत, त्या उन्हात लखलखत.

"वेस खोल! वेस खोल!"

कानात पावलं वळली आणि दाराकडे धावली. धडपडली, उठली. आणि ती पोचायच्या आधीच आतून अडसर धाडकन लागला.

म्हणजे आत अजून कुणीतरी होतं.

मग दारावर हात बडवल्याचा आवाज सुरू झाला. या वेळी आमच्या बाजूने. उघड्या तळव्यांनी, जिवाच्या आकांताने. आरोळ्यांत तो बुडून गेला, वर आला, पुन्हा बुडाला. फौज दारावर आदळली तेव्हा मी हेडफोन काढून टाकले.

"कट!" धैर्यशील नाचत आला. "हाच! हाच पाहिजे होता!" आणि हरणाबाई आडवी पळताना कॅमेऱ्यात आली होती तीसुद्धा त्याला फार आवडली. वेड्यासारखे हात हलवणारी, चिलखत नसलेली एकटी बाई. तो शॉट सिनेमात आहे.

६

आवराआवर सुरू झाली. मी पुन्हा हेडफोन घातले. दारातल्या दोन्ही माइकांवर वारा होता आणि पाइपांची शिट्टी. आत काही नव्हतं. बाहेरही काही नव्हतं. मी किती तरी वेळ ऐकलं.

हरणाबाई रिकाम्या जारपाशी बसली होती. तिच्या कोपराला खरचटलं होतं.

"गेली का आत परत?"

"नाही," मी म्हणाले. "त्यांनी घेतलं नाही तिला."

"मंग?"

आम्ही दोघींनी माळाकडे बघितलं. माणसं चिलखतं काढून ढीग लावत होती. कुणी मोबाइलवर फोटो काढत होतं. टेम्पोत घोडे चढवत होते. एवढ्या सगळ्यांच्या मधे कुठेतरी.

"मी बोलावली वं तिला," हरणाबाई म्हणाली. "माज्या बोलण्यावर आली ती."

"आपण दोघींनी बोलावली."

ती उठली, जार उचलून खांद्यावर घेतला आणि टँकरकडे भरायला निघाली. मागे वळून बघितलं नाही.

ज्ञानूने गाडी रस्त्याला लावली होती. सामान मागे टाकलं. पर्स ठेवायला म्हणून मी पुढचं दार उघडलं आणि ठेवली नाही. दार धरून तशीच उभी राहिले. ऊन उतरलं होतं, माळावरून थंड वारा सुटला होता. आपण काय करतोय हे मला समजत होतं आणि लाजही वाटत होती.

"चला," मी हळूच म्हणाले. "इथे नका राहू."

थोडं थांबून दार लावलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.

गाडी सुरू झाली तशी समोर टुंग टुंग वाजू लागलं. ज्ञानूने स्वतःचा पट्टा चाचपला. तो लावलेला होता.

"म्याडम, फुडच्या शीटवर काय ठेवलंय का तुमी?"

"नाही."

"शीटवर वजन असलं की वाजतंय हे. पट्टा लावा म्हणून." त्याने सीटवरून हात फिरवायला उचलला आणि का कोण जाणे, परत स्टिअरिंगवर ठेवला. "सेन्सर गेला आसंल."

गोंदवल्याची कमान मागे पडली. टुंग टुंग चालूच. ज्ञानूने गाणी लावली, मग बंद केली. पुसेगावच्या अलीकडे त्याने गाडी कडेला घेतली.

"डोकं उठलं राव," असं म्हणत तो वाकला, पलीकडून पट्टा ओढून रिकाम्या सीटवरून घेतला आणि खट्कन खाचेत अडकवला.

आवाज थांबला.

ज्ञानू लगेच सरळ बसला नाही. तो त्या पट्ट्याकडे बघत होता. मागून मलाही दिसत होता. पट्टा सीटला टेकला नव्हता. मधे जराशी जागा राहिली होती, फार वाळलेलं एखादं माणूस बसेल एवढी.

मी पाण्याची बाटली पुढे दिली. ज्ञानूने ती घेतली, झाकण काढलं, आणि स्वतः न पिता त्या सीटच्या शेजारच्या खाचेत उभी करून ठेवली. मग गाडी गिअरमध्ये टाकली आणि साताऱ्यापर्यंत तो अगदी सावकाश चालवत राहिला.